ठमाबाईचं न्हाणं

मखमलाबादच्या मळ्यांमध्ये कुणाकडे बाळ जन्माला आलं की पेढे मागाहून वाटले जात, ठमाबाईला निरोप आधी जाई. ती आली की पाटावर दोन्ही पाय लांब करून बसायची, पोराला पायांवर पालथं टाकायची आणि मग जे काही सुरू व्हायचं त्याला न्हाणं म्हणत. बाहेरच्या माणसाने ते पाहिलं असतं तर पोलीस बोलावले असते. हाताला सोसेल न सोसेल असं कढत पाणी, डाळीच्या पिठाने खसाखसा चोळणं आणि वर ओव्याची धुरी. पोर आधी घर डोक्यावर घेई आणि मग झोपे ते चार तास. तीस वर्षांत तिचा हात धरणारी दुसरी बाई त्या पट्ट्यात झाली नाही. घरी फुलांची शेती होती, खायला-प्यायला कमी नव्हतं. हे काम ती मानासाठी करायची. चारचौघांत कुणाचं गुटगुटीत पोर दिसलं की ती नुसतं म्हणायची, "माझ्याच हातचं आहे."

अशा बाईच्या सख्ख्या नातीची कातडी सुकलेल्या पानासारखी खरखरीत व्हावी, याला काय म्हणावं? दिव्याखाली अंधार म्हणायला लोक मोकळेच होते, आणि म्हणतही होते.

सृष्टी चार वर्षांची. कोपराच्या आतल्या वळीत, गुडघ्यामागे आणि मानेवर तिला लाल चट्टे उठत, आणि खाजवून खाजवून ती त्यातून रक्त काढी. ठमाबाईने करायचं ते सगळं केलं. कडुनिंबाचा पाला उकळला. पाणी नेहमीपेक्षा जास्त कढत केलं, कारण कढत पाण्याने खाज मरते हे तिला पक्कं ठाऊक होतं. मरतही होती, अर्धा तास. मग दुप्पट होऊन परत यायची. मग हळद झाली, साय झाली, वांगं बंद झालं, दही बंद झालं आणि शेजारच्या फुलाबाईने सांगितलं म्हणून शेंगदाणेही बंद झाले. चट्टे मात्र होते तिथेच होते.

त्यातही एक गोष्ट ठमाबाईला आतून खात होती. न्हाणीत बादलीचा आवाज झाला की सृष्टी पळायची. गोठ्यामागे लपायची, बापाच्या पायांना मिठी मारायची, आणि आजी जवळ आली की दोन्ही हात पाठीमागे घ्यायची. गावभरची पोरं जिच्या पायांवर वाढली तिच्याच नातीला तिच्या हातांची भीती वाटत होती. ठमाबाईला जगात दुसरं काही नको होतं. पोरीची कातडी बरी व्हावी आणि ती आपल्याच हाताखाली बरी व्हावी, एवढंच. या दोन वेगळ्या गोष्टी असतील हे तिच्या डोक्यात आलं नव्हतं, आणि तिथेच गाडं अडलं होतं.

दसऱ्याच्या आधी अंगणवाडीच्या अंजलीताईंनी निरोप पाठवला. बाकीच्या आया कुरकुर करताहेत, नायटा आहे म्हणतात, तेव्हा बरं वाटेपर्यंत सृष्टीला घरीच ठेवा. निरोप गोड शब्दांत होता, पण कडू तो कडूच. त्या दिवशी सून शुभांगीने नवऱ्याला सांगितलं की आता नाशकात चामडीच्या डॉक्टरांकडे जायचं, आणि उद्याच जायचं. शुभांगी सायखेड्याची, बारावी शिकलेली, बोलायला कमी. पण एकदा बोलली की ज्ञानेश निमूटपणे गाडीची चावी शोधायला लागायचा. ठमाबाईही बरोबर निघाली. डॉक्टरणीला चार गोष्टी समजावून सांगायला कुणीतरी जाणतं माणूस नको का?

अंघोळ कोण घालतं, असं डॉक्टरणीने विचारलं तेव्हा ठमाबाईने पदर सावरून सगळं साग्रसंगीत सांगितलं. डॉक्टरीण तरुण होती, पण तिने मधे एकदाही तोंड घातलं नाही. सगळं ऐकून घेतल्यावर ती शांतपणे म्हणाली की ही कातडीच मुळात कोरडी आहे, तिच्यात ओल टिकत नाही. आणि जो थोडा तेलकटपणा आहे तो कढत पाण्याने आणि पिठाच्या घासण्याने रोज धुऊन जातो. पाणी कोमट हवं. अंघोळ पाच-दहा मिनिटं, त्याहून जास्त नाही. चोळायचं नाही, पुसायचं तेही टॉवेल टेकवून टेकवून. अंग ओलसर आहे तोवरच, तीन मिनिटांच्या आत, सांगितलेलं जाड मलम हात राखून न ठेवता सगळीकडे लावायचं. लाल चट्ट्यांवर औषधाचं दुसरं क्रीम, पातळ, लिहून दिलंय तेवढेच दिवस. नखं कापलेली, कपडे सुती आणि सैल. हा नायटा नाही, एकाचा दुसऱ्याला लागत नाही. मुळासकट जाईल असं वचन मी देत नाही, पण हा त्रास ताब्यात नक्की राहतो, आणि मोठं होता होता पुष्कळ मुलांचा कमीही होतो.

ठमाबाईने धुरीचं विचारलं. धुरीही नको होती. मग मळा येईपर्यंत ती गाडीत मागच्या सीटवर खिडकीकडे तोंड करून बसून होती.

घरी उतरल्यावर शुभांगी म्हणाली, "आई, उद्यापासून अंघोळ मी घालीन."

कानामागून आली अन् तिखट झाली, हे ठमाबाईच्या अगदी ओठांवर आलं होतं. तिने ते गिळलं आणि त्याबरोबर दुपारचं जेवणही टाळलं. कुणी विचारलं तर भूक नाही. चार वाजता मात्र दोन भाकरी आणि ठेचा एकटीने खाल्ला, कारण रागालाही पोट असतं.

शुभांगीने सगळं लिहून दिल्याबरहुकूम सुरू केलं. मोबाइलवर गजर लावला. पाण्यात आधी स्वतःचं कोपर बुडवून पाही, भरभर अंघोळ आटपी, टॉवेल टेकवी, आणि डबा उघडून पोरीला लोण्यासारखं मलम थापी. ठमाबाई ओट्यावर बसून फुलं निवडायची आणि तिरक्या नजरेने बघायची. एवढ्या वेळात तर कावळाही न्हात नाही, असं तिने फुलाबाईला ऐकू जाईल इतपत मोठ्याने सांगितलंही. पण दहा दिवसांत चट्ट्यांचा लाल रंग उतरला, आणि सृष्टी खाजवायचं विसरून मांजराच्या मागे धावताना दिसली. ठमाबाईला आनंद झाला आणि वाईटही वाटलं. दोन्ही एकदम झालं, आणि त्यातलं कुठलं खरं हे तिलाही सांगता आलं नसतं.

रिकामं बसणं तिच्या रक्तात नव्हतं. डॉक्टरणीने सुती कपडे म्हटलं होतं ना? तिने पेटीतून आपली दोन जुनी सुती लुगडी काढली, वापरून वापरून मऊसूत झालेली, आणि हाताने टाके घालून त्यांची चार सैल झबली शिवली. धुवायचं कामही आपल्याकडे घेतलं. साबण राहू नये म्हणून तीन पाण्यांतून कपडे काढी आणि दारापुढच्या शेवंतीच्या वाफ्यात वाळत घाली. शेवंती पडू नये म्हणून बांबू रोवून तारा ओढलेल्या असतात. त्या तारांवर कपडे टाकायचे ही त्या घरची जुनी रीत. अंगणातल्या दोरीवर रस्त्याची धूळ बसते, वाफ्यात नाही. शिवाय कपड्याला फुलांचा मंद वास लागतो. फुलमळ्यातल्या पोरीला फुलांचा वास यायला नको का? शुभांगीने झबली हातात घेऊन गालाला लावली आणि किती मऊ आहेत म्हणाली, तेव्हा ठमाबाईला पुष्कळ दिवसांनी बरं वाटलं.

दिवाळी झाली, शेवंती ऐन भरात आली, आणि सृष्टीचं अंग पुन्हा पेटलं. या वेळी मान, पाठ आणि कमर. शुभांगीने औषधाचं क्रीम पुन्हा पहिल्यापासून लावलं. चार दिवस उतरल्यासारखं वाटे, पाचव्या दिवशी पुन्हा लाल. तिने साबण बदलला, दूध बंद करून पाहिलं, पांघरुणं उकळून काढली. ज्ञानेश फूलबाजारातून येताना रोज कुणाचं तरी नवं औषध ऐकून यायचा आणि बायकोच्या चेहऱ्याकडे बघून ते पोटातच ठेवायचा. एका सकाळी फुलाबाई ओट्यावर येऊन सगळ्यांदेखत म्हणाली की डब्यातल्या मलमांनी कुठं पोरं बरी होतात, पोर परत ठमाबाईच्या हाताला द्या.

 फुलाबाई गेल्यावर शुभांगी आत आली, गॅसपाशी पाठमोरी उभी राहिली आणि म्हणाली, "आई, उद्यापासून तुम्हीच घाला अंघोळ. मी हरले."

हेच तर ठमाबाईला हवं होतं. दीड महिना ती याच वाक्याची वाट बघत होती. तोंडावर मात्र तिने फक्त बरं म्हटलं आणि ती बाहेर येऊन बसली.

दुपारी सृष्टी खेळून दमली आणि झोपेच्या गुंगीत, कोण आहे हे न बघता, आजीच्या मांडीवर येऊन कलंडली. ठमाबाई श्वास रोखून बसली. हळूच वाकून तिने नातीच्या मानेचा पापा घेतला, आणि तिला शेवंतीचा वास आला. सकाळी अंघोळ झालेली, बिनवासाचं मलम लावलेलं, पोर वाफ्याकडे फिरकलेली नाही. मग वास कुठला? तिने झबल्याचा गळा नाकाला लावला. वास तिथून येत होता. झबलं जरा वर केलं. जिथे गळपट्टी टेकत होती तिथे लाल, जिथे कमरेची शिवण टेकत होती तिथे लाल. गाल स्वच्छ, तळहात स्वच्छ, पोटऱ्या स्वच्छ.

ठमाबाईने स्वतःच्या मनगटांकडे पाहिलं. दर हंगामात शेवंती तोडताना तिथे पुरळ यायचं. मळ्यातल्या सगळ्याच बायकांना यायचं. त्याला फुलाची खाज म्हणत, वर खोबरेल तेल चोपडत आणि कामाला लागत. तीस वर्षं तिला हे माहीत होतं. राठ हातांना जे झोंबतं ते त्या कोवळ्या, आधीच फुटलेल्या कातडीला किती झोंबत असेल?

पोरीला आत नीट निजवून ती वाफ्यात गेली. तारेवर वाळत घातलेलं दुसरं झबलं काढून तिने झटकलं. काठाला पिवळी पूड चिकटली होती. झबल्याचा गळा आणि खालचा घेर ओले असतानाच फुलांवर लोळले होते, आणि त्याच फुलांवर ज्ञानेशने परवा औषध फवारलं होतं. ठमाबाई बांधावर बसली.

आता तिच्या मनात जे आलं ते लपवून काय उपयोग? उद्यापासून कपडे आत वाळत घातले असते, अंघोळ आपण घातली असती, पंधरा दिवसांत पोर बरी झाली असती आणि मखमलाबादभर ठमाबाईचा डंका वाजला असता. कुणाला काही कळलं नसतं. शुभांगी जन्मभर मान खाली घालून राहिली असती. हा विचार तिने केला, नीट पूर्ण केला, आणि मग तिला स्वतःची इतकी शरम वाटली की ती झबलं हातात घेऊन तशीच उठली.

शुभांगी कोथिंबीर निवडत होती. ठमाबाईने झबलं तिच्यापुढे ठेवलं.

"हे हुंगून बघ," ती म्हणाली. "तुझं मलम चुकलं नाय. पाणी चुकलं नाय. चुकलं ते माझं वाळत घालणं. शेवंतीची खाज मीच पोरीच्या अंगावर चढवली, रोज, माझ्या हातानं. तू हरली नायस, पोरी. अंघोळ तूच घाल."

शुभांगीने झबलं हुंगलं, काठावरची पिवळी पूड बोटाने पुसून पाहिली, आणि संध्याकाळपर्यंत ती सासूशी एक शब्द बोलली नाही. ते बरोबरच होतं.  तिन्हीसांजेला शुभांगीने तिच्यापुढे चहाचा कप ठेवला आणि सांगितलं की सकाळी डॉक्टरांना दाखवायला जाऊ, तुम्हीही चला, हे तुम्हीच नीट सांगाल. ठमाबाईने चहा घेतला. एवढा कडक चहा तिला एरवी चालत नसे. त्या दिवशी तोही ती मुकाट्याने प्यायली.

डॉक्टरणीने सगळं ऐकलं आणि शेवंतीने अशी खाज सुटू शकते म्हणाली. कपडे पुन्हा धुवा, फुलांपासून लांब वाळवा, औषध इतके दिवस. निघताना तिने ठमाबाईला सांगितलं की ही गोष्ट तुमच्याशिवाय कुणाच्या लक्षात आली नसती. परतताना गाडीत ठमाबाई या खेपेला पुढच्या सीटवर बसली.

त्या संध्याकाळी तिने पदर खोचला आणि दारापुढचा अख्खा वाफा उपटला. शेवंती ऐन बहरात होती. फुलं तरी तोडू दे, असं ज्ञानेश कळवळून म्हणत राहिला. ती ऐकते कुठे? बांबू उपटले, तारा गुंडाळल्या, माती सारखी केली आणि दुसऱ्या दिवशी तिथे मेथी पेरली. लांबच्या वावरातली शेवंती राहिली, पोट तिच्यावर होतं. पण नवा कायदा झाला. फुलं तोडून आलेल्याने आधी हातपाय धुवायचे, कपडे बदलायचे, मगच पोरीला हात लावायचा. ज्ञानेश एकदा विसरला तर तिने त्याला अंगणातून परत फिरवलं. येवल्याहून आलेल्या जावयालाही तिने दारातच हात धुवायला लावले. त्याचा फुलांशी काही संबंध नव्हता, पण कायदा म्हणजे कायदा.

अंग हळूहळू निवत गेलं. मधे थंडीने एकदा कोपरांना लाली आली. शुभांगीने दोन वेळचं मलम तीन वेळा केलं, डॉक्टरांना विचारून क्रीम लावलं, आणि चार दिवसांत ती उतरली. आता घरात कुणी घाबरत नव्हतं. संक्रांतीला पोरीचे दंड हाताला गुळगुळीत लागले, आणि ठमाबाईने जाहीर केलं की उद्या सृष्टी अंगणवाडीत जाणार आणि पोचवायला आपण जाणार.

अंगणवाडीत अंजलीताईंनी हसून स्वागत केलं, पण दारात चार आया उभ्या होत्या, त्यांत फुलाबाईची सूनही होती. तिने आपलं पोर जरा पाठीशी ओढलं. ठमाबाईने ते पाहिलं. त्या चौघींचीही पोरं तिच्याच पायांवर न्हालेली होती. तिने सृष्टीचा दंड उघडा केला आणि त्यावर आपला गाल घासला, एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने.

"नायटा असता तर घासला असता का मी?" ती म्हणाली. "हातच्या काकणाला आरसा कशाला, बघा ना हात लावून. ही कोरडी कातडी हाय, कुणाची कुणाला लागत नाय. आणि अजून एक ऐका. कढत पाणी आणि पिठाचं घासणं, ते माझं चुकलं. तुमच्या पोरांनी सोसलं, हिला सोसलं नाय. इथून पुढं मला न्हाऊ घालायला बोलवाल तर कोमट पाणी, नाय चोळणं, नाय धुरी. पटत असंल तर बोलवा."

तीस वर्षांचा मान तिने असा दोन वाक्यांत उंबऱ्यावर ठेवला.  मग फुलाबाईची सून पुढे आली, सृष्टीच्या दंडावरून बोट फिरवलं, आणि आपल्या धाकट्याच्या गालावर असंच खरखरीत काहीतरी आलंय, ते बघाल का, असं तिने हळूच विचारलं. ठमाबाईने त्या पोराला उजेडाकडे नेलं आणि आईला डॉक्टरणीचा पत्ता दिला. आत सृष्टी मुलांच्या गोलात कधी जाऊन बसली ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

रविवारी सकाळी शुभांगीने पाणी काढलं, तेवढ्यात तिला माहेरचा फोन आला. सृष्टी टॉवेल आणि मलमाचा डबा घेऊन न्हाणीच्या दारात उभी राहिली. आईचं बोलणं संपेना. मग ती ओट्यावर आली आणि म्हणाली, "आजी, आज तू घाल."

शेकडो पोरं न्हाऊ घातलेले ते हात ठमाबाईने आधी साबणाने धुतले. मग पाण्यात कोपर बुडवलं. सृष्टीनेही आपलं कोपर बुडवून पाहिलं आणि बस म्हणाली. चोळायचं नाही हं, असंही बजावलं. नाही गं बाई, म्हणत ठमाबाईने तांब्या कलता केला आणि पाणी नुसतं अंगावरून जाऊ दिलं. पाच मिनिटांत सगळं झालं. टॉवेल टेकवला, मलम थापलं, पाठ, मान, कोपरं, गुडघ्यांच्या मागे, आणि कुठेही पोरीने अंग आखडलं नाही. ठमाबाईच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या आणि ती हसत होती. एवढी खूश ती ज्ञानेश जन्मला तेव्हाही झाली नव्हती, असं तिने मागाहून स्वतः सांगितलं.

डब्याचं झाकण लावलं आणि ती म्हणाली, झालं, पळ आता.

सृष्टी पळाली नाही. ती आजीच्या मांडीवर नीट सरकून बसली आणि आपला दुसरा हात पुढे करून म्हणाली, "इथं राहिलंय."